अपोलोचं धड कुणाचं?

मंगळवार

पहिल्याच दिवशी फजिती झाली. मालडनहून मेट्रोची ऑरेंज लाइन पकडून रगल्स स्टेशनला उतरले आणि पाठीवर पिशवी, पिशवीत वही-पेन्सिली, अशी ऐटीत 'म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स'च्या दाराशी पोहोचले, तर दार बंद! मंगळवारी म्युझियमला सुट्टी. लेकीनं आदल्या रात्री बजावलं होतं, "आई, वेळ बघून जा हं." त्यावर मी "बघितलंय गं" म्हणून मोकळी झाले होते. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' हे हजारदा सांगितलं, आणि स्वतः पाटीवरची वेळ वाचली नाही.

मी बॉस्टनला कशासाठी आले ते सांगते. म्हणजे आले लेकीकडेच, पण त्यातला एक आठवडा मी माझ्यासाठी मागून घेतला होता. जॉन सिंगर सार्जंट हा चित्रकार व्यक्तिचित्रांसाठी जगभर नावाजलेला. त्यानं आयुष्याची शेवटची नऊएक वर्षं या म्युझियमच्या घुमटाखाली आणि जिन्यावर ग्रीक देव रंगवण्यात घालवली. मला त्या देवांपेक्षा त्यांच्या आधीचं कच्चं काम बघायचं होतं. इंटरमिजिएटच्या मुलांची फेअर चित्रं मी कधी बघत बसत नसे, मागच्या पानावरची रेखाटनं बघायचे. पोराला काय येतं ते तिथे कळतं.

म्युझियम बंद म्हणून बॅक बे भागात गेले. कोप्ले चौकातलं पब्लिक लायब्ररीचं जुनं घर 1895 सालचं. दारावर दगडात कोरलंय, सर्वांना मुक्त. मुक्त म्हणजे खरंच मुक्त, कुणी काही विचारत नाही. पिवळट संगमरवरी जिना, वळणावर दोन सिंह, आणि भिंतीवर फ्रेंच चित्रकार प्युव्ही द शाव्हानच्या नऊ म्यूझेस, म्हणजे ग्रीकांच्या कलादेवता, पांढऱ्या वस्त्रांत, जमिनीपासून जराशा वर तरंगणाऱ्या. हा गृहस्थ बॉस्टनला कधी आलाच नाही. पॅरिसमध्ये कॅनव्हासवर चित्रं रंगवली आणि ती जहाजानं इकडे आणून भिंतीला चिकटवली. रंग इतके विझवलेले, की जिन्याच्या संगमरवराशी भांडत नाहीत. मला फार आवडली.

वर तिसऱ्या मजल्यावर सार्जंटचं दालन आहे, धर्मांचा इतिहास रंगवलेलं. 1890 ला काम घेतलं आणि 1919 पर्यंत ते पुरवून पुरवून केलं, तरी एक भिंत रिकामीच राहिली. अंधार, सोनं, उठावाचं प्लॅस्टर. मान मोडेपर्यंत बघितलं, पण जीव रमला नाही.

बाहेर पडून डार्टमथ रस्त्यानं सरळ चालत गेले. कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एक जुनी दिमाखदार इमारत लागते. हे पूर्वीचं हॉटेल व्हेंडोम. समोर झाडांखाली काळ्या ग्रॅनाइटची अर्धगोल भिंत आणि तिच्यावर ब्राँझचं शिरस्त्राण व कोट टाकलेला आहे. 1972 साली इथली आग विझवताना नऊ जवान गेले, त्यांचं हे स्मारक. मी आले होते दुसऱ्याच माणसासाठी. 1916 साली सार्जंट या हॉटेलात उतरला होता, तेव्हा इथल्या लिफ्टवर थॉमस मॅकेलर नावाचा सव्वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण काम करायचा. सार्जंटनं त्याला बघितलं आणि मॉडेल म्हणून बसशील का, असं विचारलं. त्या म्युझियममधले बहुतेक देव, आणि देवीसुद्धा, याच एका माणसाच्या अंगावरून काढलेत.

फुटपाथवर उभी राहून मी इमारतीचं घाईघाईनं रेखाटन केलं. खिडक्याच खिडक्या. चौदा काढल्या आणि सोडून दिलं.

बुधवार

आज म्युझियम उघडं. हंटिंग्टन अॅव्हेन्यूच्या दारासमोर घोड्यावर बसून आकाशाकडे हात पसरलेला मूळनिवासी अमेरिकन आहे, सायरस डॅलिनचं शिल्प. त्याला वळसा घालून आत शिरलं की समोरच रुंद जिना. वर बघू नये, असं मनाशी ठरवलं होतं. पायऱ्या चढून थेट घुमटाखाली जायचं आणि मगच मान वर करायची. दहाव्या पायरीला मोडलाच नेम.

प्रामाणिकपणे लिहायचं तर पहिली प्रतिक्रिया होती: दिवाळीच्या मिठाईचा डबा! फिका निळा, सोनेरी, मधूनमधून पांढऱ्या प्लॅस्टरचे उठाव, आणि सगळीकडे वेटोळी, माळा, चौकटी. म्युझियमनं 1916 साली सार्जंटला मागितली होती घुमटातल्या तीन कमानींपुरती चित्रं. यानं सांगितलं, नुसती चित्रं लावून भागायचं नाही, अख्ख्या छताचीच मांडणी बदलू. आणि बदलली. स्टुडिओत छताची लहान प्रतिकृती करून तिच्यात चित्रांचे नि उठावांचे तुकडे हलवून बघायचा म्हणे. 1921 ला घुमट खुला झाला. लोकांना इतका आवडला, की जिन्याचं आणि त्याच्या बाजूच्या खांबांच्या ओळीवरचं कामही त्यालाच दिलं. हे दुसरं काम पुरं करून तो लंडनहून बॉस्टनला निघायच्या तोंडावर होता आणि एप्रिल 1925 मध्ये रात्री झोपेतच गेला. चित्रं त्याच्या माघारी वर चढली.

'वर चढली' हे मुद्दाम लिहिलं. ही चित्रं भिंतीवर रंगवलेली नाहीत. तैलरंगात, कॅनव्हासवर, स्टुडिओत बसून केलेली, आणि मग छताला चिकटवलेली. अजिंठ्याच्या ओल्या-सुक्या गिलाव्याशी याचा काही संबंध नाही.

बाकावर बसले आणि हळूहळू नजर स्थिरावली. अपोलो नऊ म्यूझेसबरोबर नाचतोय. अथीना ढाल पुढे करून वास्तुकला, चित्रकला आणि शिल्पकला या तिघींना काळाच्या विळ्यापासून वाचवतेय. जिन्याच्या बाजूला सूर्यरथात अपोलो, आणखी एकीकडे रथावरून कोसळणारा फेथॉन, पंखांच्या घोड्यावर पर्सियस आणि हातात मेड्यूसा राक्षसीचं मुंडकं. ओरेस्टीस पळतोय आणि त्याच्या मागे सुडाच्या देवतांचा लोंढा. आईचा खून केलेला हा मुलगा. सगळ्या चित्रांत मला हे एकच खरं वाटलं, कारण यात कुणी पोझ देत नाहीये.

आणि डॅनाइड्स! पन्नास बहिणी, त्यातल्या एकोणपन्नास जणींनी लग्नाच्या रात्री नवऱ्यांना ठार मारलं. शिक्षा अशी, की पाताळात फुटक्या रांजणात जन्मभर पाणी भरत राहायचं. जन्मभर तरी कसं म्हणू, मेल्यानंतरचीच शिक्षा ती. सार्जंटनं त्या बायका खांद्यावर घडे घेऊन पायऱ्या चढताना-उतरताना दाखवल्यात. आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी ओततात, ग्रीकांकडे फुटक्या रांजणात. पण चढणारीच्या कमरेचा बाक, भरलेला घडा आणि रिकामा घडा यांतला खांद्याचा फरक, हे अगदी आडावरून पाणी आणणाऱ्या बाईचं. म्हटलं, हे कुणाकडून तरी उभं राहून काढून घेतलंय, मनानं नाही येत.

राखणदार बाई जवळ आली. मी तासभर एकाच बाकावर, म्हणून असेल. मी वही दाखवली. ती म्हणाली, लोक इथे वरती फोन धरतात आणि पुढे जातात. मग हळूच विचारलं, "टॉमचं चित्र बघितलंत का?" आणि अमेरिकन कलेच्या दालनाकडे बोट दाखवलं.

टॉम! शंभर वर्षांपूर्वीच्या लिफ्टवाल्याला तिनं शेजारच्या पोरासारखी हाक मारली.

ते चित्र तैलरंगातलं आहे, 1917 ते 1921 मधलं, साधारण सव्वा मीटर उंच. उघडा माणूस समोर तोंड करून बसलेला, हात मागे, गुडघे फाकलेले, मान वर करून छताच्याही पलीकडे काहीतरी बघतोय. तपकिरी अंगावर गळ्याखाली हलका लालसर, खांद्याच्या गोलाईवर निळसर चकाकी. निळा तिथे कसा आला? वरच्या कुठल्यातरी काचेच्या खिडकीचा उजेड असणार. ब्रशचा फटकारा बरगडीवरून एकदाच ओढलाय, परत हात लावलेला नाही. वर छतावर दोन तास जे मिठाईसारखं गोड-गोड वाटत होतं त्याच्या मुळाशी हे होतं तर. हे चित्र सार्जंटनं कुणाला विकलं नाही, स्टुडिओतच ठेवलं. म्युझियमनं ते घेतलं 1986 साली.

परत जिन्यावर गेले आणि अपोलोकडे बघितलं. खांदे तेच. छाती तीच. चेहरा मात्र गोरा, सरळ नाकाचा, ग्रीक पुतळ्याचा. मॅकेलरच्या धडावर प्लॅस्टरचं डोकं बसवलंय.

ते डोकं मला ओळखीचं होतं. आमच्या कोल्हापुरातल्या कलाशाळेत कोपऱ्यात अशाच ग्रीक पुतळ्यांचे साचे होते, नाकाचा टवका उडालेले, वर्षानुवर्षं चुना मारून जाड झालेले. मुंबईच्या जे. जे.पासून सगळीकडे तीच पद्धत, आधी पुतळा, मग जिवंत माणूस. पहिल्या वर्षी आम्ही पांढऱ्या नाकाच्या सावल्या काढल्या आणि दुसऱ्या वर्षी समोर एक फेटा बांधलेला म्हातारा येऊन बसला.

संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, तुझे पाय बघ कसे सुजलेत. उद्या घरीच थांब."

"थांबते," म्हटलं. थांबले नाही.

गुरुवार

इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियम, कालच्या म्युझियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर. नाव इझाबेला असेल तर इथे जन्मभर प्रवेश फुकट. माझं नाव सुमन, तेव्हा तिकीट काढलं.

एका श्रीमंत बाईनं स्वतःच्या लहरीनं सजवलेला वाडा, आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की मांडणी बदलायची नाही. मधल्या चौकात हिरवळ, वर काचेचं छत. 1990 च्या मार्चमध्ये पोलिसांच्या वेषात आलेल्या चोरांनी तेरा वस्तू नेल्या. काही रिकाम्या चौकटी अजून भिंतीवर टांगलेल्या आहेत, कारण मांडणी बदलायची नाही ना! गर्दी सगळी त्या रिकाम्या चौकटींसमोर.

तिसऱ्या मजल्यावर इटालियन चित्रकार तिशनची 'युरोपा' आहे. झ्यूस बैल होऊन पोरीला पळवून नेतोय, ती पाठीवर उताणी पडलीय, एका हातानं शिंग धरलंय. बैलाला फुलांची माळ. बेंदराच्या दिवशी सजवलेल्या बैलाचा जो एक भाबडा, ओशाळा चेहरा असतो तो तिशननं बरोब्बर पकडलाय, आत देव बसलाय हे माहीत असूनही. चित्राच्या खाली भिंतीवर एक रेशमी कापड लावलंय, ते बाईंच्या स्वतःच्या पोशाखातलं. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या चित्राखाली स्वतःचं लुगडं लावायला काय छाती लागत असेल.

मी आले होते दुसऱ्याच कागदांसाठी. 1921 साली सार्जंटनं घुमटासाठी केलेल्या कोळशाच्या रेखाटनांचा एक गठ्ठा या बाईंना भेट दिला. त्यातली कितीतरी मॅकेलरची. गठ्ठा पडून राहिला. 2017 साली इथल्या क्युरेटरच्या, नॅथनिएल सिल्व्हरच्या हाती ती लागली आणि हा माणूस कोण, याचा त्यानं शोध घेतला. 2020 मध्ये त्यावर प्रदर्शन भरलं, नेमकं कोविडच्या वर्षी. उजेडानं कागद खराब होतो म्हणून रेखाटनं कायम भिंतीवर नसतात. मला दुकानातल्या जाड पुस्तकात बघून समाधान मानावं लागलं. किंमत बघून ते परत ठेवलं.

उभ्या उभ्या जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं. मॅकेलर 1890 सालचा, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचा. तो आठ वर्षांचा असताना त्या गावात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं निवडून आलेला कारभार उलथवून टाकला, काळ्या माणसांना मारलं, हुसकून लावलं. पुढे हा बॉस्टनला आला. लिफ्ट चालवली, महायुद्धात सैन्यात जाऊन आला, नंतर पोस्टात नोकरी केली. 1962 साली वारला. म्हणजे अपोलो होऊन झाल्यावर चाळीस वर्षं तो याच देशात साधा नोकरदार म्हणून जगला.

शुक्रवार

डाउनटाउन क्रॉसिंगला रेड लाइन धरून हार्वर्ड. इथल्या कला-संग्रहालयाला आता तिकीट नाही, पण मला वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत जायचं होतं. लेकीनं तीन आठवडे आधी अर्ज करून ठेवला होता. तुम्ही संशोधक नसलात तरी चालतं. कुठले कागद बघायचेत ते कळवायचं आणि दिलेल्या वेळी जायचं. मला हे इतकं खोटं वाटत होतं, की जाताना निवृत्तीचं ओळखपत्र घेऊन गेले. कुणी मागितलं नाही.

पिशवी कपाटात, पेन बंद, फक्त पेन्सिल. हात धुऊन या, म्हणाले. मी परत एकदा धुऊन आले. मोठ्या टेबलावर एका तरुण मुलीनं पुठ्ठ्यात बसवलेला एकेक कागद आणून मांडला.

सार्जंटनं लग्न केलं नव्हतं. त्याच्या मागे दोघी बहिणींकडे, एमिली आणि व्हायोलेटकडे, स्टुडिओतला सगळा पसारा आला आणि त्यांनी तो वाटून टाकला. हार्वर्डला 1937 साली मिळाला तो व्हायोलेटकडून. त्याला स्वतःला कदाचित हे कुणाला दाखवायचंही नसेल.

पहिला कागद: एक खांदा. बस. पूर्ण कागदावर फक्त एक उचललेला खांदा आणि काखेपासून खाली येणारी बरगडीची रेघ. त्याच कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तोच खांदा परत, हात जरा खाली. मग तिसऱ्यांदा नुसती दोन रेघांत बगल. कोळशाची कांडी आडवी धरून सावली फासलीय, आणि जिथे उजेड हवा तिथे पुसून कागद परत वर आणलाय. सार्जंट कोळसा पुसायला पाव वापरायचा. आम्हीसुद्धा! कोल्हापुरात रबर महाग म्हणून बेकरीतला कालचा पाव आणायचो आणि अर्धा पुसायला, अर्धा पोटात. मला त्या कागदावर पावाचा कण शोधायचा मोह झाला. वाकून बघितलं, तर ती मुलगी किंचित पुढे सरकली. मी सरळ झाले.

दुसऱ्या कागदावर घडीकाम, नुसतं वस्त्र, आत माणूसच नाही. तिसऱ्यावर पाठमोरा पुरुष, हात डोक्यामागे. हीच पाठ वर छतावर बाई होऊन बसली असेल. पायाची बोटं एकदम पिळदार, टाचेला भेग दाखवलेली. देवांच्या टाचांना भेगा नसतात. मी वहीत तेवढीच टाच उतरवून घेतली.

एका कागदावर मान होती, हनुवटी होती, ओठांची कड होती. त्याच्या वर रेघ थांबलेली. कागद पुढे उरला होता, चांगला वीतभर. त्याला चेहरा लागणार नव्हता, म्हणून काढला नाही. मी तो कागद बराच वेळ समोर ठेवून घेतला. मुलीनं घड्याळाकडे बघितलं नाही, हे तिचे उपकार.

आवारातून परत जाताना आठवलं, हार्वर्डचे त्या वेळचे अध्यक्ष लॉवेल. काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. सार्जंटनं त्यांचं व्यक्तिचित्र केलं तेव्हा चेहरा त्यांचा आणि झग्याखालच्या अंगासाठी बसला मॅकेलर. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा दुकानात एकटीच हसले होते. आज आवारातून चालताना हसू आलं नाही.

शनिवार

पाऊस. पाय सुजलेले. लेकीनं पिठलं-भात केला. दिवसभर काही नाही.

रविवार

शेवटी एकदा घुमटाखाली जाऊन यावं म्हणून दुपारी गेले. रविवारची गर्दी, पोरं पायऱ्यांवरून पळतायत. हिंदुस्थानी शिल्पांच्या दालनातून आले. 1917 साली, म्हणजे वरच्या अपोलोची जुळवाजुळव चालू असतानाच, कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी इथे भारतीय कलेचे क्युरेटर म्हणून रुजू झाले होते. दोघांचं काम एकाच इमारतीसाठी. ते जिन्यात भेटले असतील, एकमेकांना मान लववली असेल, असं मनातल्या मनात रंगवत वर आले.

जागा मिळाली, वही काढली. अपोलोचं धड सरसर उतरलं, शुक्रवारच्या कागदांमुळे हात तयार झाला होता. मानेपर्यंत आले आणि पेन्सिल थांबली. वरचं डोकं काढू, की बुधवारी बघितलेल्या चित्रातलं? शेजारी एक सात-आठ वर्षांची मुलगी केव्हाची उभी होती. "डोकं कुठंय?" तिनं इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, खाली आहे, दुसऱ्या खोलीत. तिला ते पटलं असावं, कारण ती आईला ओढत तिकडे घेऊन गेली.

रात्री कोल्हापुरात सकाळ झाल्यावर वर्गमैत्रिणीला फोन लावला. बॉस्टनचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "अगं, दुसऱ्या वर्षी आपल्यासमोर फेटा बांधून बसायचे त्यांचं नाव काय गं?"

"कोण, फेटेवाले मामा?"

"हो, पण नाव काय?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते तंबाखू खायचे. सरांनी उठा म्हटलं की खिडकीतनं थुंकून यायचे आणि परत तंतोतंत तसेच बसायचे. एक सूत इकडेतिकडे नाही."

"ते आठवतंय मला. नाव?"

"थांब, हजेरीपटावर असेल," ती म्हणाली. आणि मग तिची तीच म्हणाली, "नाही गं, हजेरी आपली घ्यायचे."